साथीच्या काळात टॉकीज, नाट्यगृह आणि यात्रेचा मांडव कसा चालवायचा

साथ आली की पहिलं कुलूप टॉकीजला लागतं आणि ते निघतंही सगळ्यात शेवटी. २०२० च्या मार्चच्या मध्यात राज्यातली चित्रपटगृहं बंद होऊ लागली. ५ नोव्हेंबर २०२० ला ती निम्म्या आसनांवर उघडली, एप्रिल २०२१ मध्ये परत बंद झाली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत निम्म्यावर सुरू झाली. निर्बंध पूर्ण उठायला एप्रिल २०२२ उजाडलं. अजिंठा-वेरूळची लेणी १० डिसेंबर २०२० ला उघडली आणि पुढच्या लाटेत पुन्हा बंद झाली. आदेश अनेकदा संध्याकाळी निघतो आणि लगेच लागू होतो. म्हणून ज्याच्याकडे सभागृह, मंगल कार्यालय, टॉकीज, बाग किंवा यात्रेचं मैदान आहे त्याने साथ नसतानाच कागदावर तीन आराखडे तयार ठेवावेत: पूर्ण क्षमतेचा, निम्म्याचा आणि बंदचा.

पुढचं सगळं कोविड किंवा फ्लूसारख्या, श्वासावाटे पसरणाऱ्या साथीसाठी आहे. अशा साथीत मुख्य धोका असतो बंद जागेतल्या एकत्र हवेत. म्हणून पैसा आणि माणूसबळ आधी हवेवर लावा, मग दारावर आणि रांगेवर, मग हात धुण्यावर, आणि उरलं तर पुसापुशीवर. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो: पहिल्या दिवशी फवारणीचा पंप येतो आणि बंद पडलेला एक्झॉस्ट फॅन महिनाभर तसाच राहतो.

आदेश हातात आल्यावर

आदेश मोबाईलवर फिरत येतो, बऱ्याचदा अर्धाच किंवा मागच्या महिन्याचा. जिल्हा प्रशासनाच्या संकेतस्थळावरून किंवा तहसील कार्यालयातून सही-शिक्क्याची प्रत घ्या आणि पेन घेऊन बसा. कलेक्टर हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात. जिल्ह्याच्या आदेशातली अट राज्याच्या अटीपेक्षा कडक असेल तर तुम्हाला जिल्ह्याची अट पाळावी लागते.

पाच गोष्टी अधोरेखित करा. आदेश कधीपासून कधीपर्यंत आहे. तो कुठल्या हद्दीत लागू आहे. क्षमता कशावर मोजायची, परवान्यातल्या आसनांवर की जागेच्या क्षेत्रफळावर. त्या आकड्यात कर्मचारी आणि कलाकार धरलेत का. आणि बंद करायची वेळ शेवटचा खेळ सुटण्याची आहे की सुरू होण्याची. या शेवटच्या मुद्द्यावर दंड होऊ शकतो. संचारबंदी रात्री ११ ची असेल तर माणूस ११ ला घरी पोचलेला हवा, म्हणजे खेळ १० ला सुटला पाहिजे, आणि खेड्यातून आलेल्यांसाठी त्याहूनही आधी.

हद्दीचा मुद्दा मराठवाड्यात विशेष जपावा लागतो. जून २०२१ मध्ये राज्याने पाच स्तर ठरवले. ते दोन आकड्यांवर होते: चाचण्यांतलं बाधितांचं प्रमाण आणि भरलेल्या ऑक्सिजन खाटा. बाधित ५ टक्क्यांच्या आत आणि खाटा २५ टक्क्यांच्या आत भरलेल्या असतील तर पहिला स्तर. बाधित २० टक्क्यांवर किंवा खाटा ७५ टक्क्यांवर गेल्या की पाचवा. दुसऱ्या स्तरात चित्रपटगृह निम्म्यावर चाले, तिसऱ्यात बंद. मोठी महापालिका वेगळा घटक धरली जाई आणि उरलेला जिल्हा वेगळा. त्यामुळे छत्रपती संभाजीनगर शहरात सिडकोतल्या टॉकीजला एक नियम आणि शहराबाहेर वाळूजमधल्या हॉलला दुसरा असं होऊ शकत होतं. पुढच्या साथीत स्तरांची रचना बदलेल, पण हे दोन आकडे पाहण्याची सवय ठेवा. ते सलग दोन आठवडे चढत असतील तर नवं बुकिंग घेताना ग्राहकाला तसं आधीच सांगा.

दंडाचे आकडेही माहीत असू द्या. २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशात मास्क नसलेल्या माणसाला ५०० रुपये, तो ज्या आस्थापनेत सापडला तिला १० हजार, आणि आस्थापनेनेच कार्यपद्धती पाळली नाही तर ५० हजार रुपये दंड होता. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५१ खाली एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली होणारी कारवाई आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली होते.

हवेचा हिशोब

हा भाग नीट करा, बाकी काही राहिलं तर एक वेळ चालेल.

टेप घेऊन हॉल मोजा. समजा ६० फूट लांब, ४० रुंद आणि १५ उंच आहे. घनफळ झालं ३६ हजार घनफूट. तासाला निदान सहा वेळा हवा बदलायची असेल तर ३६,००० गुणिले ६ भागिले ६०, म्हणजे मिनिटाला ३,६०० घनफूट हवा बाहेर गेली पाहिजे. दुसरा हिशोब माणशी करायचा. जागतिक आरोग्य संघटनेने माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा सुचवली आहे. फुटांत ती मिनिटाला सुमारे २१ घनफूट होते. हॉल ३०० खुर्च्यांचा असेल तर निम्मे १५० प्रेक्षक आणि १० कर्मचारी धरून १६० माणसं, त्यांना ३,३६० घनफूट. दोन्हींतला मोठा आकडा धरा: ३,६००. पूर्ण ३०० प्रेक्षक बसवले तर माणशी हिशोब ६,५०० च्या वर जातो. निम्म्या आसनांच्या अटीचं कारण इथे दिसतं. जुन्या हॉलचे पंखे निम्म्या लोकांपुरतेच पुरतात.

पंख्याच्या पट्टीवरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. जाळी, धूळ, लूव्हर आणि भिंतीची जाडी यांत तो घटतो, म्हणून दोन तृतीयांशच मिळेल असं धरा. ३,६०० हवे असतील तर पट्टीवर एकूण ५,४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) भरले पाहिजेत. पट्टीवर घनमीटर प्रतितास लिहिलं असेल तर त्याला १.७ ने भागा.

हवा बाहेर फेकायची तर तेवढीच आत यायला वाट हवी, आणि हेच विसरलं जातं. चारही दारं बंद आणि तीन एक्झॉस्ट सुरू असले तर पंखे नुसते गुरगुरतात. या हॉलला निदान १० ते १२ चौरस फूट उघडी जागा लागेल, पंख्यांच्या समोरच्या बाजूला. ती पंख्याशेजारीच असेल तर हवा दारातून येऊन तशीच पंख्यातून निघून जाते आणि मधल्या रांगांना काही मिळत नाही. पाहायचं कसं? सगळे पंखे सुरू करून मधल्या रांगेत, खुर्चीच्या उंचीवर अगरबत्ती धरा. धूर एका दिशेने सरकला तर ठीक. जागच्या जागी घुटमळला तर तिथे पेडेस्टल पंखा लावून हवा ढकला. कोपरे आणि बाल्कनीखालच्या शेवटच्या रांगा अशाच तपासा. बाल्कनीखाली हवा हटकून तुंबते, तिथल्या खुर्च्या निम्म्यांतून आधी वगळा.

तालुक्याच्या गावात जुनी टॉकीज असेल आणि तिच्यात पाण्यावरची कूलिंग असेल, म्हणजे छतावरून मोठा ब्लोअर ओल्या पॅडमधून हवा ओढून डक्टने आत सोडतो, तर तुमची यंत्रणा स्प्लिट एसीच्या हॉलपेक्षा या कामाला सरस आहे. ती पूर्ण बाहेरची हवा आत आणते. स्प्लिट एसी आतलीच हवा फिरवतो. पाण्याच्या कूलिंगला फक्त समोरून हवा निघायला वाट द्या, नाहीतर दमटपणा वाढतो आणि लोक घामाघूम होऊन मास्क काढतात. खोलीत ठेवलेल्या लोखंडी कूलरलाही हाच नियम: खिडकीत बसवून बाहेरची हवा ओढेल तरच उपयोग. कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासा, नाहीतर एक साथ टाळताना डेंग्यूचे डास पाळाल. एसी हॉलसाठी केंद्र सरकारच्या २०२० च्या सूचनांत तापमान २४ ते ३० अंश आणि आर्द्रता ४० ते ७० टक्के होती. १८ अंशांवर गारठा करायचा तर ताज्या हवेची झडप बंद करावी लागते, तेवढ्यासाठीच हा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आणि लाईट. आपल्याकडे खेळ चालू असताना लाईट जाते, जनरेटर सुरू होतो, पडदा आणि आवाज परत येतात. पण एक्झॉस्ट त्या लाईनवर नसतात. तास-दीड तास हॉल बंद डबा होऊन जातो आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. वायरमनला बोलावून एक्झॉस्ट आणि स्वच्छतागृहाचे पंखे जनरेटरच्या लाईनवर घ्या. जनरेटरचा धूर हवा आत येण्याच्या बाजूला जात नाही ना, तेही त्याच वेळी पाहा.

शक्य असेल तर कार्बन डायऑक्साइड मीटर घ्या, एनडीआयआर सेन्सरचाच, म्हणजे अवरक्त किरणांनी तोच वायू थेट मोजणारा. फार स्वस्त मिळणारे काही मीटर दुसऱ्याच वायूवरून अंदाजे आकडा दाखवतात. नवा मीटर मोकळ्या मैदानात ठेवून पाहा. आकडा ४०० ते ४५० पीपीएमच्या (दहा लाख भागांत एवढे भाग) आसपास यायला हवा. हॉलमध्ये तो मागच्या-मधल्या रांगेत, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवा. पंख्यासमोर किंवा कुणाच्या तोंडाजवळ नको. ८०० च्या आत असेल तर बरं चाललंय. १,००० ओलांडले की जास्तीची दारं उघडा. १,५०० ला पोचले तर मध्यंतर आधी घ्या आणि लोकांना बाहेर काढा.

दोन खेळांत ३० मिनिटं ठेवा आणि त्या वेळात पंखे बंद करू नका. तासाला सहा वेळा हवा बदलत असेल तर अर्ध्या तासात आधीच्या खेळाची सुमारे ९५ टक्के हवा निघून जाते. तासाला दोनदाच बदलत असेल तर त्याच वेळात ६३ टक्केच जाते. झाडू मारणारे लोक आत असताना पंखे चालू हवेत, त्यांच्यासाठीही.

खुर्च्या, रांग, दार

एकाआड एक खुर्ची सोडताना पुढच्या रांगेत एक घर सरकवा, म्हणजे कुणाच्याही थेट पुढे-मागे माणूस येत नाही. बंद खुर्चीवर नुसता कागद चिकटवला तर पहिल्या मध्यंतरात निघतो. बसायचा भाग वर उचलून सुतळीने पाठीला बांधा. एकाच घरची माणसं शेजारी बसवायची मुभा आदेशात असेल तर तिकीट देतानाच घर विचारा आणि दोन घरांमध्ये दोन खुर्च्या सोडा. नाटक, लावणी किंवा गाण्याचा कार्यक्रम असेल तर मंचासमोरच्या दोन-तीन रांगा रिकाम्या ठेवा. मोठ्याने गाणाऱ्याच्या तोंडातून बोलणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त थेंब उडतात, आणि गाणारा मास्क लावू शकत नाही.

सहा फुटांच्या अंतराने १५० माणसांची रांग ९०० फूट होते. ती तुमच्या अंगणात मावणार नाही, रस्त्यावर जाईल आणि तिथे मोडेल. म्हणून रांग बनूच द्यायची नाही. दारावर मास्क पाहून तिकीट फाडायला माणशी १० सेकंद धरा. एका दाराने १५० जणांना २५ मिनिटं लागतात, दोन दारांनी साडेबारा. खेळाच्या ४५ मिनिटं आधी दार उघडा आणि तिकिटावर रांगेप्रमाणे यायची वेळ छापा. सुटताना दाराजवळची रांग आधी उठवा. दिवे लागले की सगळे एकदम उठतात, म्हणून शेवटची पाटी पडायच्या आत डोअरकीपर रांगांच्या टोकाला उभे हवेत.

मध्यंतर ही सगळ्यात नाजूक वेळ. खाणं म्हणजे मास्क खाली, आणि स्टॉल असतो अरुंद पॅसेजमध्ये. स्टॉल उघड्या अंगणात हलवा, पाकिटबंदच विका आणि आत खायला मनाई ठेवा. स्वच्छतागृहाबाहेर फक्कीने किंवा रंगाने गोल आखा आणि एक माणूस तिथेच ठेवा.

दारावर सोप्या मास्कचा साठा असू द्या, तिकिटांच्या निदान दहा टक्के. माणूस घरून विसरून येतो, त्याला परत पाठवलं तर वाद होतो. डोअरकीपरला वाक्यं पाठ करून द्या: "मामा, मास्क हा घ्या, पैसे नाहीत त्याचे. नाकावर घ्या, हां, असा." मामा म्हणाले, "दम लागतो रे मला," तर उत्तर: "मग दाराजवळची खुर्ची देतो तुम्हाला, वारा येतो तिथं. पण मास्क ऱ्हाऊ द्या." एवढ्यावर बहुतेक वाद मिटतात. "नियम आहे" असं म्हटलं की वाढतात. ध्वनिक्षेपकावरही "नियम पाळा" असं मोघम सांगू नका. नेमकं सांगा: मास्क नाकावर, उजव्या दाराने बाहेर, आधी पहिल्या पाच रांगा. देगलूर-बिलोलीकडे तेलुगूत, उदगीरकडे कन्नडमध्ये आणि सगळीकडे हिंदी-उर्दूत तीच घोषणा करा.

संपर्कासाठी नाव आणि मोबाईल लागणार. उघडं रजिस्टर टेबलावर ठेवू नका. बायकांचे नंबर त्यातून फुटतात आणि मग लोक खोटे नंबर लिहितात. चिठ्ठी द्या. तिच्यावर नाव, नंबर, आसन क्रमांक आणि वेळ, आणि ती कुलूपबंद पेटीत. दिवसाची पाकिटं करून तारीख टाका, ३० दिवसांनी जाळा. लोकांना हे दारावरच लिहून सांगा, खरे नंबर मिळतात.

तापमापक, पाणी, फवारणी

कपाळावर धरायची थर्मल गन उन्हात खोटं बोलते. मे महिन्यात परभणीत दुपारी ४२ अंशांत चालत आलेल्याचं कपाळच तापलेलं असतं, आणि ही यंत्रं साधारण ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेली असतात. कनात लावून सावली करा, माणसाला तिथे पाच-दहा मिनिटं थांबू द्या, घाम पुसू द्या, आणि मगच माहितीपत्रकात दिलेल्या अंतरावरून मोजा. गन उन्हात किंवा एसीसमोर ठेवू नका. १००.४ फॅरनहाइट म्हणजे ताप. आदेशात कमी आकडा असेल तर तो. जास्त आलं तर दहा मिनिटांनी परत मोजा, लगेच हाकलू नका. आणि गनवर विसंबूही नका. लक्षणं दिसायच्या दोन दिवस आधीपासून माणूस रोग देऊ शकतो, तेव्हा त्याला ताप नसतो.

सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल ६० टक्क्यांच्या वर हवं. तो पेट घेतो, म्हणून समई, आरतीचं तबक आणि भट्टी यांच्यापासून लांब ठेवा. कॅन उन्हात नको. धुळीने माखलेल्या हातावर तो चालत नाही, आणि यात्रेत हात धुळीचेच असतात. तिथे साबण-पाणीच हवं. माणशी अर्धा ते एक लिटर धरा, हजार माणसांना ५०० ते १,००० लिटर. पाण्याची ओढ असेल तर बारीक धारेचा, पायाने दाबायचा नळ बसवा. साबणाची वडी गायब होते किंवा चिखलात पडते. दीड लिटर पाण्यात साधारण ३० ग्रॅम कपड्याची पावडर विरघळवून बाटलीच्या झाकणाला भोक पाडा. नळाखाली शोषखड्डा काढून वर खडी टाका. चिखल झाला की तासाभरात तिकडे कुणी फिरकत नाही.

दाराचे कडे, कठडे, तिकीट खिडकीचा ओटा आणि नळ हे दिवसातून तीन-चारदा पुसायचे. आधी साबणाच्या पाण्याने, मग एक टक्का हायपोक्लोराइटने, आणि दहा मिनिटं ओलं ठेवायचं. बाजारातलं द्रावण पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग द्रावणात चार भाग पाणी. ब्लीचिंग पावडर ३३ टक्क्यांची असेल तर लिटरला ३० ग्रॅम. जुन्या, उघड्या पोत्यातली पावडर उडालेली असते, तिच्यावर भरवसा नको. द्रावण रोज नवं करा, सावलीत ठेवा. संडासाच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. लोखंडाला आणि ध्वनिक्षेपकाला हे लावू नका, गंजतं. तिथे अल्कोहोलचं कापड.

माणसांवर फवारणी करू नका. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच याविरुद्ध सांगितलं आहे. निर्जंतुकीकरणाच्या कमानीने डोळे आणि घसा जळतो आणि श्वासातला विषाणू तसाच राहतो. तो पैसा एका एक्झॉस्टला घाला. वापरलेले मास्क कागदी पिशवीत ७२ तास बाजूला ठेवायचे आणि मग कापून सुक्या कचऱ्यात टाकायचे.

यात्रा आणि उरूस

उघडं मैदान हॉलपेक्षा सुरक्षित, पण यात्रेत लोक मैदानभर पसरत नाहीत. येरमाळ्याच्या यात्रेत चैत्री पौर्णिमेला ऊन एवढं असतं की सगळी गर्दी सावलीखाली लोटते. तिथे एक मोठा मांडव घालण्याऐवजी लांब-लांब दहा लहान मांडव घाला, आणि पाण्याचे रांजण प्रत्येकाजवळ. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत उलटं. मार्गशीर्षातली थंडी, त्यामुळे रात्री तमाशाच्या तंबूच्या कनाती चारही बाजूंनी खाली सोडतात आणि आत हजारभर माणसं. कनात जमिनीपासून तीन फूट वर बांधा आणि मंचामागची बाजू पूर्ण उघडी ठेवा. लोकांना घोंगडी आणायला सांगा, पण हवा अडवू नका.

क्षेत्रफळाचा हिशोब माणशी ३६ चौरस फुटांचा, म्हणजे सहा बाय सहा. १०० बाय ९० फुटांच्या तंबूत २५० माणसं. मोजणी दारावर: जेवढी माणसं तेवढीच तिकिटं छापा, संपली की संपली. बल्ल्यांनी आत जायची आणि बाहेर यायची वाट वेगळी करा. दुकानांच्या दोन ओळी समोरासमोर असतील तर मधला रस्ता २० फुटांपेक्षा कमी नको आणि तो एकेरी. नारळ-प्रसाद आणि खेळण्यांची दुकानं देवळाच्या दारापासून लांब हलवायला व्यापारी तयार होत नाहीत. जागेचं भाडं कमी करून पाहा, समितीने तेवढी झीज सोसावी.

आकाश पाळण्याला एकाआड एक पाळणा भरा, फेरी संपली की हातात धरायची दांडी पुसा. फेऱ्या निम्म्या होतात, ते धरूनच दर ठरवा. मौत का कुआँ वरून पाहताना कठड्याला लोक खांदा लावून उभे राहतात. कठड्यावर तीन-तीन फुटांवर रंगाचे पट्टे मारा आणि एकाआड एक पट्टा सोडा. फुगणारे मिकी माउस बंदच ठेवा, आत पोरं एकमेकांच्या अंगावर पडतात, त्यात अंतर शक्य नाही.

तमाशाचा फड एका गाडीतून येतो, एकत्र राहुट्यांत राहतो आणि एका चुलीवर जेवतो. त्याला एक कुटुंब समजा. आत अंतर पाळायचा हट्ट निरर्थक आहे, पण गावाचा आणि फडाचा संबंध कमी ठेवा. एक जण आजारी पडला तर सगळा फड थांबणार, हे मनाशी धरूनच सुपारी ठरवा. कागदावर लिहा: सरकारी आदेशाने कार्यक्रम रद्द झाला तर इसार परत की पुढची तारीख, आणि फड गावात अडकला तर शिधा कुणाचा. कलावंतांचं वर्षाचं पोट यात्रांच्या हंगामावर असतं. साथीचा सगळा तोटा त्यांच्या माथी मारणं अन्यायाचं आहे. प्रत्येक गाणारणीला वेगळा माइक द्या, नाहीतर फोमची टोपी बदला.

कर्मचारी

हॉलमधल्या लागणी बऱ्याचदा मागच्या खोलीत होतात: बुकिंग ऑफिस, मशीन रूम, रंगपट. दुपारचा डबा चार जण त्या आठ बाय दहाच्या खोलीत मास्क काढून खातात. जेवायला बाहेर झाडाखाली बाकडं टाका आणि पाळ्या लावा. दारावरच्या माणसाला एन-९५ द्या, कापडी नको. झडप असलेला मास्क कुणालाच देऊ नका. त्यातून बाहेर जाणारा श्वास गाळला जात नाही.

आजारी माणसाची रोजंदारी कापू नका. ज्याचा दिवस बुडतो तो ताप लपवून पॅरासिटामॉल घेऊन दारावर उभा राहतो आणि थर्मल गन त्याला पकडत नाही. पाच-सहा दिवसांची मजुरी एका माणसाला देणं हे सगळा हॉल पंधरा दिवस बंद ठेवण्यापेक्षा फार स्वस्त पडतं.

तलाव आणि व्यायामशाळा

पोहण्याच्या पाण्याची भीती कमी, कपडे बदलायच्या खोलीची जास्त. पाण्यात मोकळा क्लोरीन १ ते ३ पीपीएम आणि पीएच ७.२ ते ७.८ ठेवा. पीएच वर गेला की तेवढाच क्लोरीन निम्मं कामही करत नाही, आणि ब्लीचिंग पावडर टाकून टाकून पीएच वरच जातो. सकाळ-दुपार मोजा. लोकांना घरूनच पोहायचे कपडे घालून यायला सांगा. व्यायामशाळेत जोरात श्वास चालतो, म्हणून माणशी हवेचा हिशोब दुप्पट धरा. गच्ची किंवा अंगण असेल तर धावायची यंत्रं तिकडे न्या.

खेळ चालू असताना कुणाला त्रास झाला तर

त्याला हॉलच्या ऑफिसात नेऊ नका. उघड्या सावलीत, वारा लोकांकडून त्याच्याकडे जाईल अशा बाजूला, ठरवून ठेवलेल्या खुर्चीवर बसवा आणि चांगला मास्क द्या. एकच कर्मचारी जवळ, तोही एन-९५ लावून. दम लागत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा माणूस गोंधळल्यासारखा बोलत असेल तर १०८ ला फोन. साधा ताप-खोकला असेल तर घरच्यांना बोलवा आणि जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा पत्ता द्या. आसन क्रमांक लिहून घ्या, आजूबाजूच्या आणि पुढच्या-मागच्या दोन रांगांच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढा. चाचणी झाल्यावर आरोग्य विभागाने मागितल्या तर त्यांनाच द्या. माणसाचं नाव ध्वनिक्षेपकावरून किंवा गावाच्या ग्रुपवर जाता कामा नये. एकदा गेलं की पुढचा माणूस ताप सांगणार नाही.

बंद काळात, आणि उघडताना

बंद म्हणजे कुलूप लावून विसरणं नाही. आठवड्यातून एकदा प्रोजेक्टर, ध्वनियंत्रणा, पंखे आणि जनरेटर अर्धा तास चालवा. उंदीर खुर्च्यांचा फोम आणि पडद्यामागच्या वायरी खातात. स्टॉलमधला शेवटचा दाणाही काढून टाका. पाळणा उघड्यावर उभा असेल तर जोडांना ग्रीस लावून ताडपत्री घाला.

उघडायच्या आठ दिवस आधी पाण्याच्या टाक्या रिकाम्या करून घासा आणि सगळे नळ पाच-दहा मिनिटं वाहू द्या. साचलेल्या पाण्यात जंतू वाढलेले असतात. कूलिंगचे पॅड बदला, डक्टमधली धूळ झाडून घ्या. अग्निशामक सिलिंडरची मुदत पाहा, बंद काळात ती हमखास टळलेली असते. आणीबाणीची दारं गंजून घट्ट बसतात, प्रत्येक दार आतून एका धक्क्यात उघडतं का ते बघा. पाळण्याचे नट-बोल्ट कसून, माणसांच्या वजनाएवढी वाळूची पोती घालून फेऱ्या द्या आणि मगच तपासणीसाठी अर्ज करा. शेवटी रिकाम्या हॉलमध्ये सगळे पंखे लावून अगरबत्तीची तीच चाचणी परत करा, आणि त्या दिवशी लाईट मुद्दाम घालवून जनरेटरवर एक्झॉस्ट फिरतात का ते डोळ्याने पाहा.